दार, करडं, चूल, देव

१

अणदूरच्या हरणाबाईंचा नवरा पहिल्यांदा गेला तो गेल्या उन्हाळ्यात, आणि दुसऱ्यांदा गेला तो हरभरा खुडायच्या दिवसांत, एका सकाळी, फोनमधून.

ही दुसरी बातमी घेऊन हरणाबाईंचा मुलगा शिवराज नळदुर्गात आला, तेव्हा बजरंग कंडक्टर अंगणात उन्हाला बसून दाढीचा साबण फेसत होते. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावानं त्यांची कंडक्टरकी काही काढून घेतलेली नव्हती. शिवराजनं त्यांना रामराम घातला आणि लगेच विचारलं, "मावशी हायत का?"

बजरंगरावांना याचं वाईट वाटत नसे. दारात येणारा जो तो शिवकन्याबाईंनाच विचारत यायचा. शिवकन्याबाई म्हणजे त्यांची बायको, दवाखान्यातली निवृत्त नर्स. आसपासच्या गावांतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. त्या ओळखीतूनच हा दुसरा उद्योग मागं लागला होता. चोरीला गेलेली शेळी असो, रुसून पळालेला जावई असो की देवळातून गायब झालेली समई असो, शिवकन्याबाईंनी खाटेवर बसून चार प्रश्न विचारले की गोष्ट सापडायची. बजरंगरावांनी जन्मभर विनातिकीट प्रवाशांचे चेहरे ओळखले. पण बायकोची नजर पाहिली की आपण नुसते घंटीच वाजवत होतो असं त्यांना वाटे. तिचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

"काय झालं रे?" शिवकन्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"आईचा फोन हॅक झालाय, मावशी. दोन दिवस झाले उघडंनाच. अंगठा घेत न्हाय, आकडा टाकला तर चूक म्हनायलाय. गरम व्हायलाय, आकडे उलटेपालटे दिसायलेत, मधीच जाहिराती यायल्यात. व्हायरस घुसलाय बगा. आता एकदा चुकलं की अर्धा तास थांबावं लागतंय."

"मग?"

"मग काय, दुपारी सोलापूरला नेऊन कोरा करून आणतो. बँकेचं खातं हाय त्याच्यात. पर आई फोन सोडंना. पदरात बांधून बसलीय, तोंडात पाणी घेतलं न्हाय. बाबांचा आवाज हाय ना त्याच्यात."

तो आवाज साऱ्या अणदूरला माहीत होता. हरणाबाईंचे मालक गुरुसिद्धप्पा मेंढरं घेऊन अर्धं वर्ष कर्नाटकाच्या बाजूला फिरायचे. बायकोला वाचता येत नाही म्हणून रोज संध्याकाळी तळ पडला की फोनमध्ये बोलून पाठवायचे, आज कुठल्या शिवारात आहे, कुठली मेंढी व्यायली, जेवायला काय केलं. ते गेल्यावर हरणाबाई रोज सकाळी कामं उरकून त्यातलं एक ऐकायच्या. फोन कोरा केला की ते सगळं पुसलं जाणार होतं, आणि दुसरीकडं कुठं त्याची नक्कल नव्हती.

"तुम्ही येऊन आईची समजूत घाला, तेवढ्यासाठी आलो," शिवराज म्हणाला.

शिवकन्याबाईंनी कोनाड्यातला चष्मा घेतला. "समजूत मागनं घालू. आधी तपासू दे. पेशंट बघितल्याशिवाय ऑपरेशन कोण करतं रे?"

"मावशी, तुमाला फोनमधलं कळतं?"

"ओ की ठो कळत न्हाय," शिवकन्याबाई चपला घालत म्हणाल्या. "पर फोनला हात लावणारी माणसंच असतेत ना?"

बजरंगरावांनी अर्धी दाढी तशीच पुसली आणि बटणांचा जुना फोन खिशात टाकून ते मागोमाग निघाले. या फोनवरून बायको त्यांना रोज चिडवायची.

२

हरणाबाई चुलीपुढं बसलेल्या होत्या आणि चूल थंड होती.

"नर्सबाई, माझा माणूस कोंडलाय गं आत," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. बजरंगरावांना कुठं बघावं कळेना. ते छपराकडं बघत उभे राहिले.

शिवकन्याबाई शेजारी टेकल्या. फोन मागितला नाही. दवाखान्यातल्या सवयीनं आधी हात हातात घेतला, नाडी धरली, तळवा उलटा करून पाहिला. अंगठ्यावरून स्वतःचं बोट फिरवलं आणि हात नाकाशी नेऊन वास घेतला. बजरंगरावांनीही वाकून बघितलं. रानात राबणाऱ्या बाईचा हात होता, काळा पडलेला, भेगाळलेला. त्यात त्यांना काही विशेष दिसलं नाही.

"हरणाक्का, फोनचा आकडा तुमाला ठावं हाय का?"

"न्हाय बाई. मला कुठं आकडं येतेत? साळंचं तोंड बगितलं न्हाय म्या."

"मग दोन दिवस काय दाबलं?"

"बरोबर दाबलं."

"बगा!" शिवराजनं कपाळावर हात मारला. "दोन दिवस हेच चाललंय. आकडा म्हायत न्हाय म्हनती आन् बरोबर दाबलं म्हनती!"

"म्या इसरलेली न्हाय रे," हरणाबाई एकदम ताठ झाल्या. "सकाळी उठून दार, करडं, चूल, देव, ह्याच्यात कदी चूक झाली का माझी? मग ह्याच्यात कशी व्हईल? कुनी तरी आतनं कडी बदललीय."

"कुणी?"

हरणाबाईंनी तोंडानं नाव घेतलं नाही. आतल्या खोलीच्या दाराकडं एकदा पाहिलं आणि मान फिरवली. त्या दारात त्यांची सून निकिता उभी होती, आणि तिच्या पायाशी कपड्यांनी भरलेली बॅग होती.

३

"मी मुरुमला चाललेय, मावशी. माहेरी," निकिता म्हणाली. परसात लिंबाखाली बाज होती, तिथं तिला बसवून शिवकन्याबाईंनी पाणी दिलं होतं. "या घरात मला चोर ठरवलंय. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत. ह्यांनी पण इचारलं, तूच पुसलंस ना म्हणून."

"तू काय म्हणाली होतीस?"

"फोन भरलाय, जुनं काढून टाकू, इतकंच. माझ्या भाचीचे फोटो येत नव्हते. आत्याबाईंना वाटलं मी मामंजींचा आवाजच काढून टाका म्हणते. लई रडल्या. मग बाजारच्या दिवशी मी त्यांनाच संगं घेऊन नळदुर्गला रणधीरच्या दुकानात गेले. म्हणलं, तुमच्या डोळ्यापुढं करू."

"काय काय काढलं?"

"फुलं." निकिता इतक्या दुःखातही जराशी हसली. "गुड मॉर्निंगची फुलं, उगवता सूर्य, कुणाकुणाच्या लग्नाचे व्हिडिओ. म्या रणधीरला बजावलं, आवाजाला हात लावू नका. आन् त्याच आठवड्यात बँकेतनं बोलतो म्हणून एका लबाडाचा फोन आलता, म्हणून म्हणलं, फोन जरा पक्का करून द्या. एवढंच केलं मी. चांगलं करायला गेले आन् माझ्याच गळ्यात आलं."

"घरी आणल्यावर उघडत होता?"

"दोन दिवस नीट उघडला, अंगठ्यानं. तिसऱ्या दिवशी आत्याबाई हरभरा खुडून आल्या आन् तेव्हापासनं हे. मी रानात गेले नव्हते, शिलाईचं काम होतं. त्याच्यावरनं पण बोलणं खाल्लं."

शिवकन्याबाई उठल्या. "बॅग उघडू नको आन् बंदबी करू नको. दुपारपर्यंत तशीच राहू दे."

बजरंगरावांना पोरीचा चेहरा खरा वाटला. पण एसटीत त्यांनी खऱ्या चेहऱ्याचे कितीतरी फुकटे पाहिले होते.

४

शिवराजचा दुसरा संशय चुलत्यावर, महांतप्पावर होता. मेंढरांच्या वाटणीवरून तो वर्षभर धुसफुसत होता आणि तरीही रोज ओट्यावर येऊन वहिनीच्या फोनवर कुस्त्या बघायचा.

महांतप्पानं शिवकन्याबाईंना पाहून तंबाखूची पुडी मागं लपवली. "मला आकडा म्हायत असता तर वहिनीची कशाला वाट बगितली असती? फोन मागितला की त्याच उघडून देत्यात. कदी अंगठ्यानं, कदी आकड्यानं."

"आकड्यानं? त्यांना तर आकडे येत न्हाईत."

"ते मला म्हायत न्हाय. पर चष्मा नसतो, फोनकडं ध्यान नसतंय. माझ्यासंगं भांडत भांडत दाबतेत, आन् उघडतो की!"

शिवकन्याबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तंबाखूबद्दल एक शब्द काढला नाही. महांतप्पाच काय, बजरंगरावही चकित झाले.

शिवराजच्या मोटारसायकलवर तिघं बसून नळदुर्गला परत आले. हायवेच्या कडेला रणधीरचं मोबाईलचं दुकान होतं. त्याला वाटलं, तक्रार आली.

"मावशी, आईशप्पथ, आवाजातलं एक पान हलवलं न्हाय. निकिताताईंनी लई वेळा सांगितलं होतं. बाकी कचरा काढला, सुरक्षा लावली. फोनमदी जेवढी म्हणून सुरक्षा असती ना, सगळी चालू करून दिली. एक रुपाया जास्त घेतला न्हाय."

"त्यासाठी फोनचा आकडा लागला असंल?"

"लागला की. हरणाक्कानीच टाकला. माझ्याकडं पाठ करून."

"म्हणजे तू आकडा बदलला न्हाईस?"

"जुना टाकल्याबिगर नवा करताच येत न्हाय. आन् म्या बदलायचा म्हणलं तर त्यांनी मला हाणलंच असतं."

"अंगठा असला की आकड्याची गरज पडत न्हाय ना?"

"पडती मावशी. अंगठा कितीबी चालू द्या, दोन-चार दिवसांनी एकदा फोन आकडा इचारतोच. रीतच हाय ती."

शिवकन्याबाईंनी शिवराजकडं बघितलं. "वर्षभर आईच्या फोनला आकडा कोण टाकत होतं?"

"म्या न्हाय," शिवराज म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"रणधीर, तुझ्या फोनला पण तीच सुरक्षा हाय? उघडून दाव बरं."

रणधीरनं फोन उघडला. पुन्हा बंद करायला लावला, त्यानं पुन्हा उघडला. बजरंगराव त्याच्या मागंच उभे होते. त्याचा अंगठा दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखा हिकडंतिकडं फिरत होता, आणि दुसऱ्या वेळी भलतीकडंच फिरला. आकडा कळतो का म्हणून बजरंगरावांनी डोळे ताणले, पण काही पत्ता लागला नाही.

शिवकन्याबाई मात्र खुदकन हसल्या. हे हसू बजरंगरावांच्या ओळखीचं होतं. देवळातली समई सापडली त्या दिवशी त्या अशाच हसल्या होत्या.

"कळलं काय?" त्यांनी घाईनं विचारलं.

"आकडे येत न्हाईत, हे हरणाक्काचं बोलणं खरं. बरोबर दाबलं, हेबी खरं."

"दोन्ही कसं खरं असंल?"

"ते चला तिकडं, सांगते. तुमच्या त्या डबड्याला चार्जिंग हाय ना?"

५

माणसं हरणाबाईंच्या अंगणात जमली. रणधीर दुकानाचं शटर ओढून आला होता, महांतप्पा ओट्यावर टेकला होता. निकिता उंबऱ्यात बॅग घेऊन उभी होती आणि सासू तिच्याकडं बघत नव्हती.

"दुपार झाली, मावशी," शिवराज म्हणाला.

"झाली तर झाली. सोलापूर कुठं जातंय?" शिवकन्याबाई बाजेवर बसल्या. "हे बगा, चोर शोधत बसलात म्हणून चुकलात. इथं चोरी झालेलीच न्हाय. दोन चांगली कामं एकमेकांवर आदळलीत, एवढंच. पहिलं काम हरणाक्काचं." त्यांनी हरणाबाईंचा हात वर धरला. "अंगठ्याचं कातडं गेलंय. फोन ज्या रेघा ओळखतो, त्या रेघाच उरल्या न्हाईत. वास घेऊन बगा, अजून आंबट येतोय. आक्का, शेंडे किती खुडलेत?"

"लई," हरणाबाई ओशाळून म्हणाल्या. "वाळवून ठेवावं म्हणलं, उन्हाळ्यात भाजीला. सुनंच्या माहेरी बी थोडं…" त्या मध्येच थांबल्या.

बजरंगरावांच्या डोक्यात उजेड पडला. हरभऱ्याची आंब! पहाटे पाल्यावर जे आंबट खारट पाणी धरतं, त्यात हात घालून सकाळभर खुडलं की बोटं सोलवटून निघतात. लहानपणी आईच्या बोटांवर त्यांनी ते पाहिलं होतं. आजही सकाळी डोळ्यांपुढंच होतं, आणि ते छप्पर बघत बसले होते.

"म्हणून फोननं अंगठा घेतला न्हाय आन् आकडा मागितला. तवा दुसरं चांगलं काम आडवं आलं. रणधीर, तू चालू केलेल्या सुरक्षेत आकड्यांचं काय होतं ते सांग."

"जागा बदलतेत, मावशी. दर वेळी निराळ्या. मागनं कुणी आपला अंगठा बगितला तरी…" रणधीर बोलता बोलता थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मागच्याला कळू नये म्हणून. बराबर हाय. आमच्या कंडक्टरांनी लई डोळे ताणले, त्यांना कळलं न्हाय." बजरंगराव लाजून हसले. "शिवराज, तू सकाळीच म्हणालास, आकडे उलटेपालटे दिसायलेत. व्हायरस न्हाय तो. राखण हाय. पर ज्या बाईला आकडे येतच न्हाईत, तिच्या फोनवर आकड्यांनी जागा सोडली तर तिनं काय करावं?"

शिवकन्याबाईंनी नवऱ्यापुढं हात केला. बजरंगरावांनी बटणांचा फोन काढून दिला.

"म्हणजे, मावशी," रणधीर पुढं झाला, "माझ्याकडं कॅल्क्युलेटर हाय, मोठ्या बटणांचं…"

"नको. त्याच्यात आकडे खालनं वर असतेत, सगळं उलटं व्हईल. फोनच पाहिजे, ह्या डबड्यावर आकडे जागचे हलत न्हाईत. आता सगळ्यांनी पाठ फिरवा. आकडा ज्याचा त्याचाच असतो. तुम्हीबी फिरवा हो."

बजरंगरावांनी पाठ फिरवली. पुढचं त्यांनी फक्त ऐकलं.

"आक्का, ह्याच्याकडं बगू नका. माझ्याकडं बगा. गुरुसिद्धप्पांनी तुमाला फोन उघडायला कसं शिकवलं?"

"आकडं मला येत न्हाईत म्हणून लई हसले बगा." हरणाबाईंचा आवाज मऊ झाला. "मग म्हनले, हरणे, हे आपलं घर हाय असं धर. खाली मधोमध दार. ह्या अंगाला करडांचा वाडा. तकडं वर चूल. आन् ह्या कोपऱ्यात देव. सकाळी उठून तू जशी फिरतीस तशी अंगठ्यानं फीर, म्हनले, म्या आतच असतो."

"फिरा मग."

चार बटणं वाजली. सावकाश नाही, चाचपडत नाही. रोज सकाळी दार उघडणारा हात जसा कडीवर जातो तशी वाजली.

६

"आता तुमचा फोन द्या," शिवकन्याबाईंचा आवाज आला. "तुमचं घर ह्यानं पार विस्कटून टाकलंय. दार वर गेलंय, देव खाली आलाय. आत्ता दाबलेले चार आकडे म्या बगितलेत, एकेक हुडकून दावते, तुम्ही दाबा."

शिवराज पुटपुटला, "आता चुकलं तर…" महांतप्पानं त्याचा दंड दाबला.

टिक. टिक. टिक. टिक.

मग खूप वेळ काही नाही. फोन उघडला असेलही, पण आत आवाज असेल का? पोरगी खरं बोलली असेल का? बजरंगरावांना राहवेना, पण बायकोनं सांगितलं नव्हतं म्हणून ते भिंतीकडं तोंड करूनच उभे राहिले.

आणि त्यांच्या पाठीमागं, वाऱ्याच्या घोंघावण्यात, मेंढरांच्या ओरडण्यात, मेलेला माणूस बोलू लागला.

"हरणे, आज नदीच्या अंगाला तळ हाय. काळीला दोन झालीत, दोन्ही मादी. भाकर कच्ची झाली बग, तुझ्यासारखी येत न्हाय. तू जेवलीस का? न जेवता बसू नको. उद्या बोलतो."

सगळे वळले. हरणाबाईंनी फोन कानाला नाही, गालाला लावला होता. शिवराज आईच्या पायांशी बसला आणि पोरासारखा रडला. रणधीर नाक ओढत म्हणाला, की ती आकड्यांची सुरक्षा आत्ता काढतो, आणि सगळे आवाज शिवराजभाऊंच्या फोनवर आणि आणखी एका ठिकाणी नक्कल करून ठेवतो. हे खरं तर आधीच करायला हवं होतं.

बजरंगराव बायकोकडं पाहत राहिले. जिला फोनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तिनं एका म्हातारीचं बोलणं खरं मानलं होतं. बाकी सगळ्यांनी निम्मं खरं मानलं आणि निम्मं म्हातारपणात ढकललं. एवढाच काय तो फरक, पण त्यांना तो आभाळाएवढा वाटला. लग्नाला इतकी वर्षं होऊनही हिच्यासमोर उभं राहिलं की नवं तिकीट फाडल्यासारखं वाटतं, असं त्यांना मोठ्यानं म्हणावंसं वाटलं, पण माणसं होती.

हरणाबाई उठल्या. उंबऱ्याशी गेल्या. निकिताच्या हातातली बॅग काढून घेतली आणि आत भिरकावली. मग सुनेचा उजवा हात धरून तिला रणधीरपुढं ओढत आणलं.

"हिचा अंगठा घे रं ह्याच्यात."

"आत्याबाई, तुमचा फोन हाय तो…"

"गप. घे रं तू."

रणधीरनं निकिताचा अंगठा फोनवर पुन्हा पुन्हा टेकवून घेतला. फोन बंद केला, तिनं बोट लावलं, उघडला. निकिताला रडू फुटलं. हरणाबाईंनी तिचा तो हात उलटा करून न्याहाळला, शिलाईनं टोचलेला पण कातडं शाबूत असलेला, आणि आपल्या पदरानं पुसला.

"उद्या म्या पण येते खुडायला," निकिता हुंदक्यांतून म्हणाली. "एकटीनं कशाला करता?"

"अजिबात यायचं न्हाय," हरणाबाई खेकसल्या. "हरभऱ्याला हात लावशील तर बग. माझा अंगठा जागेवर येईस्तवर तुझा जपून ठेव. सकाळी उठून मालकाला दार कोण उघडणार?"

एवढं बोलून त्या चूल पेटवायला आत गेल्या.